तू ठरव

७ ऑक्टोबर, मंगळवार

तिप्पट. आत्ता मिळतो त्याच्या तिप्पट पगार! फोनवरच्या बाईंनी दोनदा सांगितलं, पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही असं वाटलं असावं त्यांना. मी नुसती ‘हं, हं’ करत होते. हातात एका आजोबांचा चष्मा — एक काच बसलेली, एक बसायची. दुकानाचे मालक काउंटरवरून बघत होते. ‘नंतर बोलते’ म्हणाले आणि फोन ठेवला.

कॉलेजातल्या मैत्रिणीने माझं नाव सुचवलं म्हणे. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर ज्या सूक्ष्मदर्शकातून बघतात, त्याची भिंगं बनवणारा कारखाना. तिथे तपासणी विभागाची प्रमुख. मी! इतकी वर्षं या गावात लोकांच्या नाकावर चष्मे नीट बसवून देणारी मी.

घरी सांगितलं. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडेच असते. ती म्हणाली, “तिप्पट? त्यांचा काहीतरी घोटाळा झाला असेल. परत विचारून घे.”

नवरा म्हणाला, “तू ठरव.”

८ ऑक्टोबर, बुधवार

तू ठरव! भाजी कुठली करू विचारलं तरी हेच उत्तर. निदान भाजीला माणूस कंटाळून एकदा तरी म्हणतो, ही नको.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी नदीवर पोहून आले. पाणी थंड होतं, पण दहा हात मारले की काही वाटत नाही. वरून बोटवाला ओरडला, “ताई, आज उशीर?” ओल्या केसांनी चढाची गल्ली चढून घरी. चहा. मग चालत दुकान. उतारच आहे सगळा, पाय आपोआप नेतात.

या गावात मी माणसं नंबरावरून ओळखते. बेकरीवाल्याचा डावा डोळा अधू. पोस्टातल्या बाईंचा नंबर दरवर्षी वाढतो आणि दरवर्षी त्या मलाच रागावतात. हे सगळं सोडून जायचं?

आणि नवरा. शाळेत चित्रकला शिकवतो. दुपारी कोपरांना रंग लावून घरी येतो, तसाच आडवा होतो, चादरी खराब करतो, वर आनंदात असतो. त्याला तिथे कोण घेणार? चाळिशी उलटलेला चित्रकलेचा मास्तर कुणाला हवाय?

१२ ऑक्टोबर, रविवार

आईची पुलावरची बायकांची टोळी आहे. संध्याकाळी बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा समाचार घेतात. बाबा गेल्यावर वर्षभर ही बाई खोलीतून बाहेर पडत नव्हती. त्या टोळीने तिला बाहेर काढलं, मी नाही.

आज विचारलं, “आई, तुझं काय?”

“माझं काय? मला सुटकेस समज. जिथे ठेवशील तिथे राहीन.”

मग चप्पल घालून पुलावर गेली. नेहमीपेक्षा लवकर.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मालकांना डॉक्टरकडे जायचंय अशी थाप मारली आणि कारखाना बघून आले. सहा तास बस.

गाव भिकार आहे. हे लिहूनच ठेवते. रुंद रस्ते, ट्रक, सगळ्या झाडांवर राखाडी धूळ. चालणारं माणूस एकही नाही. क्वार्टर दाखवली — मोठी, नवीकोरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. नदी आहे का, विचारलं. बाई म्हणाल्या, “होती.”

मग तपासणीची खोली. अंधारी, गार, बोटांचे ठसे नकोत म्हणून सगळे हातमोजे घालून. बाईंनी एक भिंग माझ्यापुढे ठेवलं, “बघा बरं.” त्याच्यावर नमुन्याची काच ठेवायची. दोन्हींच्या मधल्या फटीत प्रकाशाची रंगीत वर्तुळं उमटतात. वर्तुळं गोल तर भिंग बरोबर, कुठे चेपली तर तिथे खोट. कॉलेजनंतर आज पहिल्यांदा पाहिली. डावीकडे खाली जराशी चेपलेली होती. मी बोट दाखवलं. बाई हसल्या. पुढचं भिंग दिलं. मग त्याच्या पुढचं. वर बघितलं तेव्हा जेवणाची सुट्टी होऊन गेली होती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काल घरी पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, “कसं होतं?” भिकार, म्हणाले. धूळ सांगितली, ट्रक सांगितले. मग वर्तुळांवर आले ती बोलतच राहिले. ताटातलं गार झालं. आई म्हणाली, “आता जेव, वर्तुळं कुठे पळून जात नाहीत.” नवरा माझ्याकडे बघत होता फक्त.

१९ ऑक्टोबर, रविवार

भांडण. मीच उकरून काढलं.

“तुला जायचंय की नाही, एकदा सांग ना.”

“मी काही म्हटलं की तू त्याच्यावरून ठरवशील.”

“मग? नवरा-बायकोने तसंच ठरवायचं असतं.”

“तू जाऊ नये असं म्हणालो तर जन्मभर ऐकवशील. जा म्हणालो तर तिथली धूळ माझ्या डोक्यावर.”

खरं आहे, म्हणून जास्तच राग आला. “तुझी शाळा आहे इथे,” मी म्हणाले. “तुझी शाळा नसती तर मी कधीच हो म्हटलं असतं.” खरं होतं का ते? माहीत नाही. तोंडातून गेलं. तो उठून गच्चीवर गेला आणि वाळलेले कपडे काढून आणले, जे तो कधीही करत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

कशात लक्ष नाही. एका मुलीच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. मालकांनी पाहिलं. रागावले नाहीत, उलट चहा पुढे केला. “कुठे जायचा विचार आहे का?” कुणीतरी सांगितलेलं दिसतं. मी नाही म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मलाच खरं वाटलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

संपवलं एकदाचं. दुपारी फोन करून कारखान्याला नाही कळवलं. बाई म्हणाल्या, “वाईट वाटलं.” मला हलकं वाटेल असं वाटलं होतं.

रात्रीच्या जेवणाला सांगितलं. आईने हातातला चमचा खाली ठेवला, “बरं केलंस,” आणि डोळे पुसले. सुटकेस म्हणे!

नवऱ्याचा मात्र घास हातातच राहिला.

“आज कळवलंस?”

“हो. का?”

“अगं, मी सोमवारी राजीनामा दिला.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. नव्हता करत. म्हणाला, “माझ्या शाळेमुळे तू अडलीस, असं तूच म्हणालीस. आणि त्या दिवशी तिथून आलीस तेव्हाचा तुझा चेहरा — मी विसरलो होतो तो. म्हटलं, आपण वाटेतून बाजूला व्हावं. मग तुला मोकळेपणी ठरवता येईल.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस.”

आई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “दोघंही शिकलेली आहात ना?”

२५ ऑक्टोबर, शनिवार

 नवरा राजीनामा मागे घ्यायला सोमवारी शाळेत जाणार. मीच पाठवतेय.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मुख्याध्यापिकांनी राजीनामा पुढे पाठवलाच नव्हता. “असं घाईघाईत दिलेलं मी जरा दाबून ठेवते,” म्हणाल्या आणि परत दिला. तो दुकानात येऊन मला दाखवून गेला, खिशात चुरगळलेला. म्हणजे सगळं होतं तसं. कुणाची अडचण नाही, कुणाची सक्ती नाही.

तो वळणापलीकडे गेला आणि मी मागच्या खोलीत जाऊन कारखान्याला फोन लावला. जागा अजून भरली नव्हती. येते, म्हणून सांगितलं.

आत्ता नवरा तो कागद इस्त्री करतोय. उद्या पुन्हा नेऊन द्यायचाय.