नितळ

४ जानेवारी
आलो एकदाचा! खोली अगदी मनासारखी मिळाली. मोठी खिडकी, तिच्याखाली टेबल, आणि नळाला दिवसभर पाणी. घरमालकीण खालीच राहतात. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, मला मावशी म्हण, आणि काही मागायचं असेल तर जेवणानंतर माग, उपाशीपोटी मी फार वाईट असते.

दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चष्म्याचं दुकान, तिन्ही भिंतींना आरसे. चेहरा बघून फ्रेम काढायची, दांडी गरम करून कानामागे नीट बसेल अशी वाकवायची, हे माझं काम. मालक बोलायला कमी पण सरळ माणूस. अक्काला फोन करून सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर रक्त पातळ करायची गोळी घेतलीस का? माझ्या हृदयात धातूची झडप बसवली तेव्हापासून तिचं 'कसा आहेस' ते हेच.

११ जानेवारी
हातांनी घात केला. सोरायसिस माझा जुना सोबती. कोपर, गुडघे झाकता येतात, पण बोटं कुठे लपवू? आज एका बाईंच्या कानामागे दांडी बसवत होतो. त्यांनी आरशात माझे हात पाहिले, लाल चट्टे, वर पांढरा कोंडा, आणि मान अशी मागे ओढली की फ्रेम माझ्याच हातात राहिली. पर्स उचलून सरळ दाराकडे निघाल्या. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी मालकांनी चहा मागवला. म्हणाले, मला काही वाटत नाही हो, पण गिऱ्हाईक स्वतःचा चेहरा तुमच्या हातात देतं. औषधपाणी करून बघा.

१४ जानेवारी
त्वचेच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलंय. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. मी झडपेचं सांगितलं, रक्त पातळ करायच्या वॉर्फरिनचं पाकीटही पुढे ठेवलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. या गोळीने तुमचं रक्त आणखी पातळ होऊ शकतं म्हणाले, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा आणि आठवडाभरात रक्त तपासा.

लगेच फोन केला. हृदयाचे डॉक्टर लांबच्या रजेवर. त्यांचे मदतनीस डॉक्टर म्हणाले, मागचा रिपोर्ट छान आहे, सुरू करा, फक्त तपासत राहा.

२२ जानेवारी
तपासणी केंद्रात जाऊन आलो. मशीन बंद. सुटा भाग यायचाय, दोन-चार दिवसांत या म्हणाले. दुसरं केंद्र घाटापलीकडे, जाऊन यायला अख्खा दिवस. नव्या नोकरीत रजा कोणत्या तोंडाने मागायची? मालकांना विचारलं तरी. महिनाअखेरीला बघू म्हणाले.

९ फेब्रुवारी
हात नितळ झाले! खरंच सांगतो, पोरसवदा वयात होते तसे. मावशींनी माझा हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, आता लग्नाचं बघायला हरकत नाही. दुकानात एका आजोबांना चष्मा बसवला, ते गप्पा मारत राहिले, हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळ्यांत पाणी आलं.

अन्न मात्र गोड लागत नाही. मळमळ असते, तोंड आलंय. मशीन अजून बंदच. महिनाअखेरीला दुकानात मालाची मोजदाद निघाली, रजा राहून गेली. मदतनीसांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, डॉक्टर आले की ठरवतील. आपल्या मनाने वॉर्फरिन सोडू नका, झडपेवर गुठळी होईल.

१३ फेब्रुवारी
दात घासताना बेसिन लाल झालं. चूळ भरत राहिलो, थांबेना.

मांडीवर बशीएवढा काळानिळा डाग. कुठे आपटल्याचं आठवत नाही. दंडावर चार डाग ओळीने, कुणी बोटं रुतवून धरल्यासारखे. मावशींनी पाहिले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, तुला कोण मारतं का? हसायला गेलो तर हिरड्यांतून पुन्हा रक्त.

१६ फेब्रुवारी
दुकान भरलेलं होतं. एका मुलीला फ्रेम घालून आरशाकडे वळवलं. ती स्वतःकडे बघेना. माझ्याकडे बघत होती.

माझा डावा डोळा. पांढरं उरलंच नाही, सगळं रक्त. दुखत नव्हतं काही. तिन्ही भिंतींत तो डोळा, जिकडे तोंड फिरवावं तिकडे —

मालकांनी हातातली फ्रेम काढून घेतली आणि स्वतः मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळा पाहताच ते खुर्चीतून उठून उभे राहिले. दोन महत्त्वाची कामं त्यांनी लगेच केली, रक्त काढून घाटापलीकडे माणूस पाठवला आणि मला इथल्या हॉस्पिटलात भरती केलं. चार खाटांचं हॉस्पिटल. सुई टोचली तिथून अजून रक्त ठिपकतंय. हात इतके सुंदर आणि आत —

१७ फेब्रुवारी, सकाळ
रिपोर्ट आला. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा माझा आकडा दोन-तीनच्या मध्ये हवा. आलाय नऊच्या पुढे.

हृदयाचे डॉक्टर रजेवरून आलेत. फोनवर स्वतः बोलले. त्यांचा आवाज बदलला तेव्हा मला कळलं. म्हणाले, "दोन्ही गोळ्या बंद. तिथल्या डॉक्टरांना म्हणावं, उताऱ्याचं इंजेक्शन आत्ता द्या. आणि पडून राहा, अजिबात उठू नका."

इंजेक्शन दिलंय. पण त्याला चढायला वेळ लागतो. रक्त लगेच घट्ट करणारं जे हवं ते इथे नाही, घाटापलीकडून यायचंय. रस्ता रुंद करायच्या कामात घाटात दरड कोसळलीय. अक्का पलीकडे अडकलीय. फोनवर म्हणाली, "पायी येते, पण येते." मी म्हणालो, येऊ नकोस. म्हणालो तरी मनात ये, ये, ये —

दुपार
डोकं. एका बाजूने. कानामागे कुणी तापलेली दांडी —
नर्सला सांगितलं. डॉक्टर येतायत. गाडी निघालीय. दरडीपाशी थांबलीय. सगळे करतायत. कुणाचं काही चुकत नाहीये आणि मी —

उलटी झाली. मावशी आल्यात. पाय चोळतायत. उजवा पाय चोळतायत ते कळत नाही. दिसतं फक्त.

नर्स विचारते नाव काय. मी सांगितलं. पुन्हा विचारते, नाव काय. सांगितलं की. मावशी रडतायत. का? मी नीट बोलतोय. मी म्हटलं अक्काला बोलवा. अगदी स्पष्ट म्हटलं. नर्स म्हणते काय म्हणताय, काय म्हणताय, हळू बोला

लिहून दाखवतो डाव्या हाताने
अक्काला बोलवा
ती वही बघते. मावशींना दाखवते. मान हलवते. वाचता येत नाही का हिला

अक्काला बोवला
अक्काला बोला वा पाणी दांडी बो
अक्का मी नीट लिहितोय ना अक