जबलपूरपर्यंत

आई, आज सुनेनं पुन्हा माझ्या ताटात अळणी आमटी वाढली आणि मला तुझा राग आला. तिचा काही दोष नाही. रक्तदाब वाढलाय म्हणून डॉक्टरनं माझं मीठ बंद केलंय आणि ती बिचारी डॉक्टरचं ऐकते. पण पहिला घास तोंडात गेला आणि इतक्या वर्षांनी तूच समोर येऊन बसलीस, पदर खोचून, ते जिंकल्यासारखं तोंड करून. मला वाटत होतं की तुझ्यावरचा राग केव्हाच विझला असेल. तसं काही झालेलं नाही, वर राख साचली होती इतकंच. म्हणून लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस आणि वाचणाऱ्यालाच वर चार शब्द सुनावले असतेस.

तुला आमच्या सायकली पहिल्यापासून डोळ्यांत खुपायच्या. आम्ही तिघं होतो. एक तेलुगू विणकराचा मुलगा, त्याच्या घरात दिवसभर मागाची खटखट. दुसरा मुसलमान, त्याच्या बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आणि तिसरा मी, गिरणीच्या ऑफिसात कारकून असलेल्या अण्णांचा एकुलता एक. सुटीच्या दिवशी आम्ही अक्कलकोटला जाऊन यायचो, तुळजापूरचा घाट चढायचो, आणि परतताना ज्याला आधी दम लागेल त्यानं चहा पाजायचा. असं करता करता कलकत्त्याचा विषय निघाला. नकाशावर बोट ठेवलं आणि ते उचलायचं जिवावर आलं. सोलापूरहून हैदराबाद, तिथून वर नागपूर, जबलपूर, काशी आणि मग सरळ कलकत्ता. मी तुला सांगितलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता विचारलंस, "कलकत्त्याला कोण हाय तुजं?"

"कुणी नाही."

"मग?"

त्या 'मग'ला मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. कुणी नाही म्हणूनच जायचं होतं, आई. जिथं मी कुणाचा मुलगा नाही, कुणाचा भाचा नाही, अशा एका गावाला मला जायचं होतं. पण तुझ्या माळशिरसाकडच्या हिशेबात माणूस रस्त्याला लागायचा तो लग्नाला, मयताला नाहीतर देवाला. अण्णा जेवता जेवता म्हणाले, "जाऊ दे की. तरणं पोर हाय." तू म्हणालीस, "तुमी गप जेवा." आणि ते गप जेवले.

शिमगा झाला आणि आम्ही निघालो. पुढं ऊन तापणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण विणकर दोस्ताच्या घरी त्याआधी लग्न होतं आणि त्याला टाकून जायचं नाही असं आमचं ठरलेलं. पहाटे दोघं सायकली घेऊन दारात उभे राहिले. तू माझ्या तळहातावर दही घातलंस. मला वाटलं, विरघळलीस. दही चाटून मी तुझ्या पाया पडलो. मान वर करतोय तोच, त्या दोघांना ऐकू जाईल अशा बेतानं तू म्हणालीस, "जा. म्या मीठ सोडलं हाय. तू ह्या उंबऱ्याच्या आत येशील त्या दिवशी खाईन."

"अगं, पोरगं निघालंय, आन् हे काय काढलंस?" अण्णा म्हणाले.

"म्या नगं म्हणलं का त्याला? जाऊ दे की. म्या फकस्त मीठ सोडलंय."

ही तुझी तऱ्हा. हात धरून अडवलं असतंस तर मी हात सोडवून गेलो असतो. तू दावं लांब सोडलंस. दावं लांब सोडलं म्हणून जनावर मोकळं होत नाही, हे तुला गावाकडून येतानाच ठाऊक होतं.

आणि तो रस्ता! त्याबद्दल तू मला कधी एक शब्द विचारला नाहीस, म्हणून आता सांगतो, ऐक. नळदुर्गच्या पुढं सूर्य वर येतोय, तिघांच्या सावल्या रस्त्याबाहेर शेतात पळतायत. हैदराबादेत आम्ही एका सराईत झोपतो आणि सकाळी कुणाचा बूट कुणाच्या पायात याचा पत्ता लागत नाही. निर्मळच्या पुढं सागाचं जंगल आहे, पानं झडलेली, आणि एका उतारावर मी हँडल सोडून दोन्ही हात पसरलेत आणि ओरडतोय. काय ओरडत होतो आठवत नाही. इतका मी आयुष्यात पुन्हा कधी ओरडलो नाही. त्याच जंगलातल्या एका खेड्यात गोंडाच्या घरी आम्हाला भाकरी मिळाली. त्या घरात मीठ जपून वापरत होते, तरी त्या बाईनं तिघांच्या भाकरीवर मिरचीशेजारी एकेक चिमूट ठेवलं. मी तो घास हातात धरून बसलो.

"काय झालं?" विणकर दोस्तानं विचारलं.

"आई तिकडं अळणी जेवत असेल."

"आई तितं जेवतीय, तू हितं उपाशी. ह्यात कुणाचं पोट भरतंय सांग की."

तुझं भरत होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. रोज दोन वेळा, प्रत्येक घासाला, तू माझ्या शेजारी येऊन बसत होतीस. मीठ तू सोडलंस आणि अळणी माझा रस्ता झाला.

जबलपूरला पोस्टात पत्रं मागवायची असं घरी सांगून ठेवलं होतं. पत्र नव्हतं, तार होती. आई अत्यवस्थ, ताबडतोब नीघ. पोस्टाच्या पायरीवर आम्ही तिघं बसलो. दुकानवाला दोस्त बराच वेळ तार उलटीसुलटी करून बघत होता. मग म्हणाला, "तार झूटी बी हो सकती रे. मेरे मामू कू ऐसीच तार देके बुलाए थे. आके देखे तो उनकीच शादी थी."

"आणि खरी असली तर?"

त्यानं तार माझ्या खिशात घातली आणि म्हणाला, "तो फिर जा. माँ है."

माझं जादा टायर आणि ट्यूब मी त्यांना देऊन टाकलं. पुढं काशीपर्यंत त्यांना लागलं असतं. ते दोघं मला स्टेशनवर सोडायला आले, सायकल त्यांनीच गार्डाजवळच्या सामानाच्या डब्यात चढवली. इटारसी, भुसावळ, मनमाड, दौंड. तुला कल्पना नाही मी त्या गाडीत काय भोगलं. एका स्टेशनवर तुला मारत होतो आणि पुढचं येईपर्यंत देवांना हात जोडून जिवंत करत होतो. सोलापूरला उतरलो तो स्टेशनपासून घरापर्यंत एकदाही ब्रेक न लावता आलो. गल्लीत वळलो आणि आपल्या दारापुढं गर्दी दिसली. सायकल भिंतीला टेकवायचंही भान राहिलं नाही, ती तिथंच पडली.

गर्दीतून गाणं ऐकू आलं. मयताच्या दारात गाणं कुठून येईल? पुढं घुसून बघतो तर तू ओट्यावर पाट मांडून बसलेली, कपाळभर कुंकू, ओटीत नारळ, आणि समोर पांढऱ्या साड्या नेसलेल्या प्रभातफेरीतल्या बाया. ते दिवसच तसे होते. देशभर लोक खाऱ्या पाण्यातून मीठ उचलत होते, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की ह्या गल्लीत एका बाईनं महिनाभर सरकारच्या मिठाला बोट लावलेलं नाही. त्यांतली पुढारीणबाई हात उंचावून तुझा जयजयकार करत होती. आणि तू तो घेत होतीस! ज्या बाईला गिरणी बंद पडली तरी कळायचं ते अण्णा लवकर घरी आले म्हणून, तिला मिठाच्या कराचं काय पडलं होतं? तुला मी हवा होतो, चुलीपुढं, डोळ्यांसमोर.

तू मला बघितलंस. दचकली नाहीस की उठली नाहीस. "आलास? हातपाय धू."

"तू आजारी होतीस ना?"

"हाय की. अळणी खाऊन मानूस आजारीच असतंय."

"तार कुणी केली?"

"ह्यास्नी करायला लावली. त्याबिगर आला असतास व्हय?"

एवढं बोलून आत गेलीस, भाकरीवर मिरची घेतलीस, बरणीतून चिमूटभर मीठ काढलंस आणि दारातच बसून खायला लागलीस. पुढारीणबाई बघतच राहिली. "अहो, आमच्यासमोर मीठ खाता? अजून कर उठलेला नाही."

"कसला कर? माजं पोरगं आलं की."

बाया निघून गेल्या. नारळ मात्र तू परत केला नाहीस. त्याची चटणी झाली दुसऱ्या दिवशी, मी खाल्ली नाही. तेव्हा दारात तू डोळे मिटून ती मीठ-भाकरी सावकाश चावत होतीस. किती चवीनं खात होतीस! मी हातपाय न धुता तिथंच उभा होतो. तुला जिवंत बघून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल क्षणभर. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते आजपर्यंत गेलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी म्हटलं, "आता तू बरी आहेस. मी गाडीनं पुढं जाऊन त्यांना काशीला गाठतो." तू भांडली नाहीस. उठलीस, मिठाची बरणी उचललीस आणि सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून दिलीस. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा खाली बघत होते. मी बसलो.

दोस्त कलकत्ता करून आगगाडीनं परतले तेव्हा त्याच मिठाच्या चळवळीपायी शहरावर बसलेला लष्करी अंमल नुकताच उठला होता. मिरवणूक काढायची कुणाची छाती नव्हती, पण सात रस्ता चौकात माणसं जमली, हार पडले, आणि मी त्या माणसांत उभा राहून टाळ्या वाजवल्या. दुकानवाला दोस्त गर्दीतून माझ्यापर्यंत आला आणि कॅरियरवरून सोडून एक टायर माझ्या गळ्यात घातलं. झिजून गुळगुळीत झालेलं. "ये तेरा है. तू नईं आया, पर ये जाके आया." मी ते घरी आणलं आणि खुंटीला टांगलं. पुढच्या वर्षी तू माझं लग्न लावून दिलंस. दिवाळीला मी सासुरवाडीला गेलो आणि परत आलो तर खुंटी रिकामी. टायरचे तुकडे चुलीशेजारी रचून ठेवलेले. "ओलं लाकूड धरत न्हाय," तू म्हणालीस. "रबर लई लवकर पेटतंय." माझं कलकत्ता तू पोळ्या भाजायला वापरलंस, आई. स्वयंपाकघरात तो वास कितीतरी दिवस होता.

त्यानंतर तुला कधी तोंड उघडावंच लागलं नाही. भुसावळला रेल्वेत नोकरी मिळत होती, बरणी फळीवर गेली. कंपनीच्या नागपूरच्या गिरणीत बदली आली, पुन्हा फळीवर. माझ्या बायकोला आधी कळायचं नाही, नंतर ती मला म्हणायची, "तुम्ही उगाच विचारता त्यांना. फळीकडं बघून घेत जा." मी अण्णांच्याच ऑफिसात, अण्णांच्याच खुर्चीत निवृत्तीपर्यंत बसलो. लोक मला मातृभक्त म्हणायचे. मी त्यांचा समज कधी खोडला नाही, ते सोपं पडायचं.

माझा एकच आधार होता. तू चोरून खात असशील, असं मी धरून चाललो होतो. रोज सगळ्या घराची आमटी करणारी बाई, हात मिठात, तिला महिनाभर मोह होणार नाही? मनातल्या मनात तुला खोटारडी म्हणून मी कितीदा शांत निजलो. तोही आधार अण्णांनी जाता जाता काढून घेतला. अंथरुणावरून म्हणाले, "मलाबी तसंच वाटलं होतं. ती पाणी आणायला उठली की म्या तिच्या ताटातलं चाखून बघायचो. अळणीच असायचं लेका. एक दिस खाल्लं न्हाय तिनं." मला त्यांचाही राग आला. तू खोटी असतीस तर मला किती बरं झालं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ठाऊक आहे, म्हणून तर इतकं लिहिता आलं. सगळं लिहूनही तुला माफ करावंसं वाटत नाही आणि करायचंही नाही. दोस्त दोघंही गेले. कलकत्ता मी अजून बघितलेलं नाही आणि आता गाडीत बसून बघण्यात राम नाही. फक्त एक गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. ती तू तुझ्या बाजूनं धरू नकोस.

डॉक्टरनं मीठ बंद केलं त्याला आज चौथा दिवस. दुपारी सून शेजारी गेली होती. तिनं बरणी माझ्या हाताला लागू नये म्हणून वर ठेवलीय. या वयात मी स्टूल ओढलं, त्यावर चढलो, बरणी काढली आणि ओली बोटं आत घालून मीठ चाटलं. तू महिना काढलास, मला चार दिवस निघाले नाहीत. आणि तोंडात मीठ असताना मी दाराकडं बघितलं, तू तर आली नाहीस ना म्हणून.