इतिहासाच्या पुस्तकाची प्रत सापडल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, ग्रंथनिवड समिती,
महाविद्यालयीन ग्रंथालय

विषय : ग्रंथपालांविरुद्धची माझी तक्रार मागे घेण्याबाबत.
संदर्भ : माझा गेल्या महिन्यातील तक्रारअर्ज.

महोदय,

१. नदीकाठची वस्ती हटवून लोकांना शहराबाहेर घरे दिली गेली, त्यावरील दोन पुस्तकांतून एक अभ्यासक्रमाला लावायचे होते. धोरणाच्या पुस्तकात कुटुंबे 'स्वेच्छेने' गेल्याचे तक्ते आहेत. इतिहासाच्या पुस्तकात त्याच कुटुंबांच्या मुलाखती आहेत. समितीत मते समसमान पडल्याने माझे मत निर्णायक ठरणार होते.

२. इतिहासाची नमुना प्रत मी पुन्हा वाचायला मागितली, तेव्हा ती जागेवर नव्हती. ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, इथंच तर होती. तोवर हे बघा," आणि धोरणाचे पुस्तक पुढे केले. त्यांचा मेहुणा त्या पुस्तकाच्या प्रकाशकाकडे नोकरीस आहे. माझ्या मनात पाल चुकचुकली. ते कपाटाला कुलूप लावू लागले, तेव्हा प्रत आतच असणार असे वाटले. उघडे ठेवू लागले, तेव्हा ती बाहेर नेली असणार असे वाटले. एरवी मान वर न करणारे हे गृहस्थ मला चहा विचारू लागले. मी तो घेतला नाही. माझ्या तक्रारीवरून आपण त्यांच्याकडील किल्ल्या काढून घेतल्या.

३. रविवारी गाद्या उन्हात टाकताना ती प्रत माझ्या वडिलांच्या गादीखाली मिळाली. मला घरी न्यायला येतात तेव्हा ते वाचनकक्षात बसलेले असतात. ज्या सरकारी खात्याने वस्ती हटवली, त्यात ते त्या वेळी शिपाई होते. मी विचारले, "बाबा, तुम्ही उचललंत?" ते म्हणाले, "यात साहेबांची नावं आहेत, माझं नाही. पण दारं मी वाजवली होती. तू वाचशील, याची धास्ती वाटली." मग म्हणाले, "आपणहून कुणी गेलं नाही, पोरी."

४. सबब, ग्रंथपालांना किल्ल्या सन्मानाने परत द्याव्यात. मी त्यांची समक्ष माफी मागितली. ते "बरं" एवढेच म्हणाले. माझे मत इतिहासाच्या पुस्तकाला आहे; मात्र वडिलांचा त्या प्रकरणाशी संबंध असल्याने ते ग्राह्य धरावे की नाही, हे आपण ठरवावे.

५. आणखी एक विनंती. पुस्तकाच्या लेखिकेला महाविद्यालयात बोलावता येईल का? वडिलांना त्यांना भेटायचे आहे. वडिलांचे शब्द असे : "घरात काय झालं ते त्या बाईंनी लिहिलंय. दाराबाहेर काय ठरलं होतं, ते मी सांगतो."

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
अध्यापिका, समाजशास्त्र विभाग
सोमवार

सोबत : नमुना प्रत