चौतीसच्या आकड्याची फुशारकी

ती. दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली नसती तर साष्टांग घातला असता). तू कसा आहेस, वहिनींचा गुडघा काय म्हणतो, तुझ्या सिगरेटी कमी झाल्या की नुसत्या लपल्या, हे सगळं सविस्तर कळव. माझी प्रकृती उत्तम आहे, असं मी गेल्या सोमवारपर्यंत बिनधास्त लिहिलं असतं.

झालं असं, की आमच्या वजनकाटे दुरुस्तीच्या कारखान्यात सगळ्यांचं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. कमी असलेलं बरं, एवढंच ऐकून होतो. रिपोर्टात दोन आकडे ठळक छापलेले, एकशे अडुसष्ट आणि चौतीस. माझा स्वभाव तुला माहीतच आहे. त्यातला लहान आकडा उचलला आणि दिवसभर मिरवला. अख्ख्या कारखान्यात इतका कमी कुणाचाच नव्हता (फोरमनचा अठ्ठावन्न निघाला, तर मी त्याला तेल कमी खा म्हणून उपदेशसुद्धा केला).

डॉक्टरीणबाईंनी माझी पार हवाच काढली. चौतीस हे चांगलं कोलेस्टेरॉल, ते पुरुषाला निदान चाळीस तरी हवं. कमी करायचं ते एकशे अडुसष्टवालं. मग मात्र मला राहवेना. एकाच रक्तात एक चांगलं नि एक वाईट, हे कसं काय? त्या म्हणाल्या, वाईट जे असतं ते चरबी नेता नेता रक्तवाहिन्यांच्या भिंतींत टाकत जातं, आणि चांगलं ती उचलून यकृताकडे परत नेतं. बरं, मग मला काही दुखत कसं नाही? तर त्यांनी मलाच विचारलं, बिघडलेला काटा ओरडतो का? दादा, तीस वर्षं काटे तपासतोय मी. काटा गपचूपच चुकतो, म्हणून तर आमचा धंदा चालतो.

पुढे त्यांनी घरच्यांची चौकशी केली. बाबा हृदयविकारानं गेले, बावन्नाव्या वर्षी, हे सांगितलं. भाऊ ठणठणीत आहे, हेही छातीठोकपणे सांगितलं.

"तपासलंय का त्यांनी कधी?"

(तू पुढच्या महिन्यात बावन्न पूर्ण करतोस, हे मी तिथंच खुर्चीत बसून बोटांवर मोजलं.)

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : मी मुळीच घाबरलेलो नाही.

ता. क. दुसरा : घाबरलोय. मंगळवारी सकाळी आठची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. उपाशीपोटी यायचं. वहिनींशी बोलणं झालंय, त्या दिवशी घरात चहा मिळणार नाही.

ता. क. तिसरा : मला दिलेल्या गोळ्यांचं पाकीट अजून फोडलेलं नाही. लहानपणी कडू औषध आधी तू प्यायचास, मग मी. तू ये, मग फोडतो.