छत्रीला मारलेली गाठ

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मी आज पहिल्यांदाच तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. कारण साधंच आहे. आज साकोलीच्या माझ्या शाळेत आठवीच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, विमानातून उडी घ्याले काय काय लागते?" खेळाच्या तासाला हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच, कारण माझ्या टेबलाच्या काचेखाली तो पंखांचा बिल्ला ठेवलेला आहे. मी नेहमीसारखं सांगितलं, की वजन पुरेसं लागतं, डॉक्टरची तपासणी लागते, घोटे मजबूत लागतात, दोन-अडीच आठवडे जमिनीवर पडून पडून पडायचं कसं ते शिकावं लागतं, आणि घरच्यांची सही लागते. ती म्हणाली, "थे सहीच त नाई भेटत मॅडम." सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र तुमची सही डोळ्यांपुढून हलेना.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी भंडाऱ्याला कॉलेजात होते आणि तिथल्या कवायतीच्या तुकडीतून आग्र्याला पॅराशूटच्या शिक्षणासाठी, विमानातून पाच उड्या मारायला, माझी निवड झाली होती. तुम्ही पवनीच्या घरात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, हातात धोटा, आणि मी समोर तो कागद धरून उभी. कागदावर लिहिलं होतं की मुलीला इजा झाली किंवा तिचा जीव गेला तर कोणी जबाबदार राहणार नाही. मी ती ओळ भरभर वाचून पुढे जात होते, पण मामा आलेला होता आणि मामाचे कान तिखट. "भाऊजी, पोरगी हाय का पाखरू हाय? छत्री नाई उघडली त कोन जिम्मेदार? इथं त लिवून हाय, कोनीच नाई! अन् लोक काय म्हनतीन, कोष्ट्याची पोरगी आभायातून पडून राहिली?" माय पदराने तोंड पुसत दारात उभी होती. ती काही बोलली नाही, म्हणजे ती मामाच्या बाजूने होती. तुम्ही मला एकच गोष्ट विचारली. "छत्रीचा कपडा कोनता राह्यते?" मला माहीत नव्हतं. "मंग जाऊन पाहून ये, अन् मले सांग," तुम्ही म्हणालात आणि मामाकडे वळलात. "माह्या पोरीच्या हातचं सूत मी दुसऱ्यांदा नाई तपासत. जाऊन राहिली त पाचही उड्या मारूनच वापस येते." मग हात धोतराला पुसून तुम्ही एकेक अक्षर कोरत सही केलीत. संध्याकाळपर्यंत ते वाक्य मामाने साऱ्या मोहल्ल्यात पोचवलं होतं, आणि तेव्हापासून त्या पाच उड्या माझ्या राहिल्या नाहीत, त्या तुमच्या शब्दाच्या झाल्या.

तुम्ही माझं सूत तपासत नव्हता, हे खरं होतं, पण ते फुकट मिळालेलं नव्हतं. मी दहा-अकरा वर्षांची असताना तुम्ही मला ताण्याच्या उभ्या सुतावर लक्ष ठेवायला बसवलं होतं. मैत्रिणी बाहेर बिट्ट्या खेळत होत्या. एक तार तुटलेली मला दिसली, मी बाहेर बघत राहिले आणि तार तशीच पुढे गेली. लुगड्यात हातभर लांब बारीक रेघ पडली. घेणाऱ्याला दिसलीही नसती. तुम्ही उठलात, कात्री आणलीत आणि आठ हात विणलेलं लुगडं मधूनच कापलंत. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. "नाई दिसलं त माफ. दिसलं अन् पुढं गेली, हे माफ नाई. तुटलं सूत दिसलं का जिथल्या तिथं जोडाचं." त्या दुपारी तुम्ही मला चिमटीत राख घेऊन दोन टोकं कशी वळायची, गाठ कशी मारायची की बोटाला सुद्धा लागू नये, ते शिकवलंत. मी रडत रडत पन्नास-साठ गाठी मारल्या असतील. पुढे त्या गाठी इतक्या चांगल्या व्हायला लागल्या की शेजारचे काका सणासुदीच्या कामाला मला उसनी मागून न्यायचे, आणि तुम्ही मोठ्या मिजाशीत "नेजा, पन जेवू घालून पाठवजा" म्हणायचात.

आग्र्याला जायचं तर प्रवास आणि जेवण सरकारी होतं, बूटही तिथे मिळणार होते, पण घोट्यांना बांधायच्या पट्ट्या घरून आणायच्या होत्या. पवनीत त्या मिळेनात. तुम्ही चार दिवस लुगडं बाजूला ठेवलंत आणि जाड सुताच्या, चार बोटं रुंद अशा दोन पट्ट्या विणल्यात. एवढंसं कापड विणायला माग अडवून ठेवणारा माणूस साऱ्या कोष्टीपुऱ्यात तुम्हीच! मायने तोवर आपलं मत बदललं होतं, पण तिचं मत ताटातूनच कळायचं. माझं वजन नेमापेक्षा कमी भरत होतं, म्हणून तिने मला तिन्ही त्रिकाळ भात आणि तुपाची धार असा मारा चालवला. शेवटच्या वजनाला काटा जेमतेम रेघेवर टेकला. उडणाऱ्याचं वजन कमी असलं तर छत्री त्याला वाऱ्यासोबत कुठल्या कुठे घेऊन जाते, हे मला नंतर कळलं.

तिथे आम्हाला शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणायचे. मिशाळ, बुटके, आवाज असा की मैदानाच्या पलीकडची कबुतरं उडावीत. पहिले कितीतरी दिवस आम्ही विमान नुसतं लांबून पाहिलं. कट्ट्यावरून उडी, मग उंच मचाणावरून, मग झुल्यावरून. दोन्ही पाय आणि गुडघे जुळवून, हनुवटी छातीला लावून, पडता पडता अंग कुशीवर लोळवायचं. हात टेकायचा नाही, टेकला की मोडला. विमानातून बाहेर पडलं की मोठ्याने चार हजारांपर्यंत मोजायचं, एक हजार, दो हजार, तीन हजार, चार हजार, आणि मान वर करून छत्री बघायची. पूर्ण गोल आहे? फाटली तर नाही? दोऱ्यांना पीळ पडला असेल तर सायकल मारल्यासारखे पाय मारून तो सोडवायचा. वर काहीच नसेल तर छातीवरच्या दुसऱ्या छत्रीची मूठ ओढायची. मी हे सगळं घोकत होते आणि संधी मिळेल तेव्हा कापड चिमटीत धरून बघत होते. बाबा, तो कपडा नायलॉनचा होता. त्यात थोड्या थोड्या अंतरावर उभी-आडवी एकेक जाड तार घातलेली, बारीक चौकड्यांसारखी. कुठे फाटलंच तर फाट त्या जाड तारेपाशी येऊन अडते. हे पाहिलं तेव्हा वाटलं, विणणाऱ्याला तुम्ही नक्की ओळखत असणार.

पहिल्या दोन उड्या झाल्या. त्यांचं वर्णन मी तुम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की आता नको. जे सांगितलं नाही ते लिहिते. दुसऱ्या उडीनंतर दुपारी आम्हाला छत्र्यांतले काटे आणि गवत वेचायला बसवलं होतं. उंच शेडमध्ये छत्र्या टांगलेल्या असत. माझ्यासमोरच्या छत्रीला, जिथे दोरी काठाला शिवलेली असते तिथे, बोटभर शिवण उसवलेली दिसली. धागा तुटून लोंबत होता. मी विचारसुद्धा केला नाही. दिसलं, म्हणजे जोडायचं. राख नव्हती, म्हणून मैदानावरची माती चिमटीत घेतली, टोकं वळली आणि तुम्हीही शाबासकी दिली असती अशी गाठ मारली. एवढं करून गप्प बसायचं, तर मी छाती काढून उस्तादांकडे गेले. "उस्ताद, टूटा था, मैंने जोड़ दिया."

त्यांनी ती जागा शोधायला बराच वेळ लावला, गाठ इतकी साफ बसली होती. मग त्यांनी सगळ्या मुलींना गोळा केलं. "जिसको दिखता है वो बोलेगा. हाथ कोई नहीं लगाएगा. छाता जो बाँधता है उसका नाम कार्ड पर लिखा है, तेरा नाम कहाँ लिखा है? मुझे न बताती तो कल तेरी गाँठ पर तू नहीं, किसी और का बच्चा लटकता." छत्रीला लाल फडकं बांधून ती बाजूला नेली. मला उड्यांच्या यादीतून काढलं. परत पाठवायचं की ठेवायचं, ते साहेब उद्या ठरवणार होते. त्या क्षणी मला उस्तादांची भीती वाटली नाही, मरायची तर नाहीच नाही. मला दिसत होता मामा, आपल्या ओट्यावर बसून तुम्हाला विचारणारा, "काहून भाऊजी, दोनच उड्या मारून वापस आली का?" आणि खाली मान घालून धोटा फेकणारे तुम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मुली विमानाकडे गेल्या आणि मी एकटी छत्र्या बांधण्याच्या लांब टेबलांजवळ बसून होते. उस्ताद आले, एक निकामी कापडाचा तुकडा त्यांनी माझ्यापुढे टाकला. त्याची शिवण त्यांनी उसवलेलीच होती. "बाँध अपनी गाँठ." मी बांधली. त्यांनी एक टोक खिळ्याला अडकवलं आणि दुसऱ्याला अंगाचा भार देऊन हिसका दिला. गाठ जागची हलली नाही. तिच्या बाजूचं कापड मात्र टर्रकन फाटलं. "देखा? गाँठ पक्की है तेरी. बग़लवाला गया." मी बघतच राहिले. मागावर गाठीला फक्त गाठ राहायचं असतं, पण छत्रीत सगळ्या शिवणींनी एकदम सारखा भार घ्यायचा असतो. एकच जागा ताठ राहिली तर शेजारची मरते. हे कळलं आणि मला लाज वाटली, खरी लाज. आदल्या दिवशी आली होती ती नुसत्या अपमानाची होती. मी म्हणाले, "उस्ताद, ग़लती मेरी है." त्यांनी विचारलं, "घर में क्या काम होता है?" मी सांगितलं, पिढ्यान्‌पिढ्या विणकाम. ते तसेच साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, मला ऐकू आलं. "साहब, इतनी लड़कियाँ उस छाते के नीचे से निकलीं, टाँका किसी को नहीं दिखा. आँख अच्छी है इसकी. हाथ को मैं सँभाल लूँगा."

राहिलेल्या तीन उड्या मी पुढच्या दोन दिवसांत मारल्या. पाचवीला तर वरून खालचं रान बघताना मी चक्क हसत होते. त्यानंतर मी तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं. त्यात लिहिलं, छत्रीचा कपडा नायलॉनचा आहे, एका छत्रीत तुटलेला धागा कोणालाच दिसला नाही तो मला दिसला, उस्ताद म्हणाले आँख अच्छी है, पाच उड्या पुऱ्या झाल्या. सगळं खरं होतं. बाकीचं लिहायला कार्डावर जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

पवनीच्या स्टँडवर तुम्ही धुतलेला सदरा घालून उभे होता. पाच उड्यांचा तो कापडी बिल्ला हातात घेतल्याबरोबर तुम्ही तो उलटा केलात आणि मागची शिवण बघितलीत. "साफ हाय," एवढंच. मग घराकडचा सरळ रस्ता सोडून मला आख्ख्या बाजारातून फिरवत नेलंत. पानवाला, सूतवाला, कोंढ्याहून आलेलं अनोळखी गिऱ्हाईक, सगळ्यांना थांबवून तुम्ही सांगत होता. तोवर गोष्ट कार्डाच्या पुढे निघून गेली होती. "फौजेच्या छत्रीचं सूत तुटलं होतं. माह्या पोरीनं गाठ मारली, तवा छत्री उडाली!" मामासुद्धा मागे मागे चालत "आमची भाची" म्हणत होता. मी तोंड उघडलं होतं, बाबा. पण तुम्हाला इतकं ताठ चालताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी तोंड मिटलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तुम्ही हीच गोष्ट डॉक्टरांना सांगितलीत. आवाज बसला होता, मध्ये मध्ये थांबत होता. डॉक्टर तरुण होते, त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच का हो?" दुपारची वेळ, खाटेवर ऊन आलं होतं, तुम्ही माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "हो." तुम्ही डोळे मिटून हसलात.

पुढे माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. तुम्ही ती हकिगत शंभरदा सांगितलीत, पण त्या छत्रीने पुढे कोणी उडी घेतली का, हे मला एकदाही विचारलं नाहीत. जो माणूस हातभर रेघेसाठी लुगडं कापतो, तो हे विचारायचं विसरेल, असं मला वाटत नाही. म्हणजे मनात शंका आली असली तरी माझ्या हातचं सूत तुम्ही शेवटपर्यंत दुसऱ्यांदा तपासलं नाहीत. मला या गोष्टीचा जेवढा अभिमान आहे तेवढा बिल्ल्याचाही नाही.

हे पत्र कुठे टाकणार? कागद घडी करून कपाटात ठेवीन. शाळेत मी मुलींना खरी हकिगत सांगते, लाल फडक्यासकट, उस्तादांच्या बोलण्यासकट, कारण उद्या त्यांतली एखादी खरोखर उडी मारायला जाईल आणि तिने तुटलेल्या धाग्याला हात लावता कामा नये. पण पवनीला गेले आणि कोणी म्हाताऱ्याने ओट्यावरून हाक मारून विचारलं, "तूच ना वो ते, गाठ मारली होती?" तर एक कबूल करते, बाबा, मी अजूनही हो म्हणते.