मोलेला एकच हात

मंगळवार, १ मार्च

नेल्सीच्या एप्रनच्या खिशात चमचा आहे! स्वतःचा, घरून आणलेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

मी दाराशी स्वयंपाकाच्या वर्गाला आलेल्या जहाजावरच्या पाहुण्यांना एप्रन बांधून देत होते. आज अठरा जण, त्यातले चार सकाळी अकरालाच झिंगलेले. सहज वळून बघते तर ही माझ्या मोलेच्या पातेल्यावर वाकलेली. चाहूल लागताच चमचा खिशात. म्हणाली, फडकं शोधत होते. फडकं तिच्या खांद्यावर होतं!

मोलेला एकच हात लागतो. पुएब्लात माझ्या माहेरी हे लहान पोरींनाही ठाऊक असतं. जिने मिरच्या भाजल्या तिनेच त्या वाटायच्या, तिनेच तो दाट काळा रस्सा ढवळायचा, मीठही तिनेच घालायचं. दुसरा हात लागला की मोले फाटतो. तेल वर, चोथा खाली. माझ्या बहिणीच्या लग्नात मावशीने आईच्या हातातून डाव घेतला आणि अख्खं पातेलं फाटलं, ते मी पाहिलंय. नेल्सीला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सहा वर्षं ती माझ्या हाताखाली आहे, मक्याच्या तोर्तिया थापते, भांडी बघते. पातेल्याला कधी बोट लावलं नाही. मग आताच काय झालं?

कुठेतरी पाणी मुरतंय.

बुधवार, २ मार्च

बाजारात गेले. म्हाताऱ्या आबुंदियोच्या सुक्या मिरच्या आता नावालाच मिरच्या राहिल्यात. एक मोडून नाकाशी धरली — कागद! मी तोंडावर सांगितलं, गेल्या सालचा माल माझ्या गळ्यात मारतोस. त्याने सगळ्या संतांच्या शपथा घेतल्या, माझ्यासमोर नवं पोतं फोडलं आणि स्वतःच तीनदा शिंकला. नाटकी मेला.

कोथिंबीर तसलीच. पेरूंची टोपली पुढे करून म्हणतो, काय घमघमाट सुटलाय बघा. मी म्हटलं, तुझे पेरूही शिळे. जानेवारीत तापाने पडले, दोन आठवडे बाजारात फिरकले नाही, तेवढ्यात सगळ्यांनी संधी साधली. आता या कूकाबाईला काहीही खपवा!

गुरुवार, ३ मार्च

आजचा दिवस नीट लिहून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

एक. शेगडीची कळ मी बंद केली होती. नेल्सीने पुन्हा बंद केली आणि तिथे नाक लावून उभी राहिली. मला काय गॅसही बंद करता येत नाही?

दोन. सकाळी काढून ठेवलेलं चिकन तिने हुंगलं, म्हणाली, "हे गेलंय," आणि मला न विचारता कचऱ्यात टाकलं. मी पाहिलं होतं ते. चांगलं गुलाबी होतं. ऐन वेळी पळत जाऊन दुसरं आणलं आणि सगळ्यांसमोर घाम पुसत बसली, म्हणजे मी हलगर्जी ठरले, ही कामाची.

तीन — आणि हे सगळ्यात वाईट. जहाज कंपनीचा मॅनेजर ओसुना फाटकापाशी तिच्याशी दहा मिनिटं बोलत होता. मी जवळ गेले तर दोघं वाऱ्याबद्दल बोलायला लागले. वाऱ्याबद्दल! कोझुमेल बेटावरच्या माणसांना वाऱ्याबद्दल बोलायला दहा मिनिटं लागतात?

जहाजावरून पाहुणे पाठवतो तो हाच ओसुना. गेल्या महिन्यात म्हणाला होता, पाहुणे जाताना जे कागद भरतात त्यांवर तक्रारी आल्या तर हा वर्ग किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलात हलवू. माझं स्वयंपाकघर, दारावर माझ्या नावाची पाटी. साथीत जहाजं बंद होती तेव्हा दीड वर्ष मी ती पाटी दर रविवारी पुसत होते. माझा नवरा रामोन गेल्यावर मला याच जागेने उभं केलं. ही गेली तर मी कोण? खिडकीत बसलेली एक म्हातारी. मला त्याची भीती वाटते, हे इथे तरी लिहायला हरकत नाही.

नेल्सीला मात्र हॉटेलात पांढरी टोपी मिळेल.

रविवार, ६ मार्च

घरी अंडी केली, चवच नाही. आता कोंबड्याही फसवायला लागल्या.

मंगळवार, ८ मार्च

आज पाळत ठेवली. डावाचा दांडा मुद्दाम खिडकीकडे करून ठेवला आणि पाहुण्यांना दगडी खलात टोमॅटो कसे चेचायचे ते दाखवायला गेले. परत आले तर दांडा दाराकडे.

पण मोले फाटला नाही. एका टकल्या म्हाताऱ्याने तीनदा मागून घेतला, बायकोच्या ताटातलाही पुसून खाल्ला. मी नेल्सीकडे बघितलं तर ती जमिनीकडे बघत होती. मोठी साळसूद!

सगळे गेल्यावर कचऱ्याचा डबा उपसला. तळाशी बटाट्याचे तुकडे. शिजलेले, मोलेने काळे पडलेले. माझ्या मोलेत एकवीस जिन्नस आहेत, त्यांत बटाटा नाही. ही त्यात बटाटा बुडवून काय करते? माझा मोले चोरायचा असेल तर चाखून चोर, बटाटा कशाला? करणीबिरणी तर नाही ना? नेल्सीच्या गावाकडच्या बायकांना बरंच काही येतं म्हणतात.

गुरुवारी बंदोबस्त करते.

गुरुवार, १० मार्च

पकडली!

सकाळीच मीठ, साखर, मसाले कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली ब्लाऊजमध्ये. मोलेत मीठ मी घातलं, चाखलं, कमी वाटलं, आणखी घातलं. हल्ली मिठातही दम राहिला नाही. नेल्सीला पलीकडच्या ओट्यावर तोर्तियांना बसवलं आणि तिथून हलायचं नाही म्हणून बजावलं.

तीनदा विचारलं तिने, चाखू का. तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा उठून आली आणि माझं मनगटच धरलं.

"डोन्या कूका, एक चमचा. हात जोडते तुम्हाला."

"जागेवर जा."

"मग वाढू तरी नका."

मी हात सोडवून घेतला आणि वाढलं.

आधी सगळ्यांचे चमचे खाली गेले. मग टोपीवाल्या बाईने रुमाल तोंडाला लावला. एकाने दोन पेले पाणी घटाघटा प्यायलं. एक छोटी मुलगी काहीतरी बोलली, तिच्या आईने तिला दटावलं. कागद भरताना कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

ओसुना आला, उभ्याउभ्या चमचाभर खाल्लं आणि थुंकला. म्हणाला, हे काय, समुद्राचं पाणी आटवलंत?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नेल्सी पुढे आली.

"मीठ मी घातलं, साहेब. डोन्या कूका बाहेर होत्या. मला वाटलं घालायचं राहिलं, म्हणून परत घातलं. त्यांची काही चूक नाही."

स्वतःच्या तोंडाने कबूल! ओसुनाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिने एप्रन खिळ्याला अडकवला, हात धुतले, मला 'येते' म्हणाली आणि गेली.

एकच कळत नाही. किल्ली दिवसभर माझ्यापाशी होती, आणि ती ओट्यावरून हलली नव्हती. मग मीठ घातलं कधी?

घरून आणलं असणार. खिशात चमचा मावतो तर मीठ का नाही मावणार?

शनिवार, १२ मार्च

तिचा एप्रन धुवायला घेतला. खिशात तोच चमचा. आणि मक्याच्या पानात गुंडाळलेला सोललेला बटाटा, आता काळा पडलेला. मीठ नव्हतं. खिसा उलटा करून झटकला. एक कण नाही.

जिंकल्यावर माणसाला भूक लागते म्हणतात. मला लागली नाही.

मंगळवार, १५ मार्च

आज लिहायलाच हवं.

सोळा पाहुणे होते, मी एकटी. तवा तापला, मिरच्या टाकल्या आणि पाहुण्यांकडे वळले. दर वेळी सांगते तेच सांगितलं — घड्याळ बघायचं नाही, मिरची वासाने हाक मारते. डोळे मिटा आणि वाट बघा. वास आला की मला सांगा.

सगळ्यांनी शहाण्या मुलांसारखे डोळे मिटले. एक खोकला. मी म्हटलं, थांबा, अजून यायचाय. मग दोघं खोकले, मग सगळेच. एका बाईने दार ढकललं, खुर्च्या पडल्या. मी म्हणतेच आहे, थांबा, आता येईल, आता येईल!

वळले तर धूर छतापर्यंत. मिरच्यांचा कोळसा झाला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घसा जळत होता, पण वास नव्हता. मी तव्यावर वाकून पुरता श्वास आत घेतला. काही नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं.

एका जाड्या पाहुण्याने गॅस बंद केला आणि मला कोपर धरून अंगणात आणलं. त्याने विचारलं, तुम्हाला वास आला नाही का? मी म्हटलं, आला ना. येणार नाही तर काय.

घरी आले. लसूण चेचला. कॉफीचा डबा उघडला. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. वाळू.

मग कपाटातून रामोनची तंबाखूची डबी काढली. अकरा वर्षं मी ती वर्षातून चारदा उघडते आणि लगेच मिटते, वास उडू नये म्हणून. जानेवारीत तापातून उठल्यावर उघडली होती. तेव्हा वाटलं होतं, संपला एकदाचा. रडले आणि ठेवून दिली. आज तीच डबी मुठीत घेऊन शेजारच्या रेमेदियोसकडे गेले, तिच्या नाकाशी धरली. ती म्हणाली, "बाई गं, अगदी रामोन दारात उभा आहे."

वास डबीत आहे. मलाच येत नाही.

बुधवार, १६ मार्च

नेल्सीकडे गेले. ती दारात बसून शेंगा सोलत होती. मला बघून उठली, खुर्ची पुसून दिली. मी तिला एप्रन दिला, धुतलेला. चमचा खिशात तसाच.

मी विचारलं, "कधीपासून?"

"तापातून उठून आलात त्या दिवसापासून. तीनदा मीठ घातलंत. मी बटाटे टाकून खारटपणा काढला, गुळाचा खडा टाकला. नंतर सवयच झाली."

"आणि ओसुनाशी काय बोलत होतीस?"

"ते विचारत होते, कूकाबाई आजारी आहेत का. मी म्हटलं, नाही हो, उत्तरेचा वारा सुटलाय, सर्दी आहे." मग हळूच म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हा खरंच वाऱ्याचं चाललं होतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पातेल्याजवळ येऊ दिलं असतंत?"

तिच्याबरोबर बसून शेंगा सोलल्या. निघताना माफी मागितली. ती म्हणाली, मीठ मात्र आता जपून घाला.

गुरुवार, १७ मार्च

सकाळी ओसुनाला सगळं खरं सांगितलं. तो कपाळ धरून बसला, मग म्हणाला, महिनाभर बघू.

अकराला जहाज लागलं. मिरच्या नेल्सीने भाजल्या, नेल्सीनेच वाटल्या. पातेलं चढवून तिने सवयीने डाव माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. मोलेला एकच हात लागतो. जानेवारीपासून दोन हात लागूनही एकदाही फाटला नाही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं तो कोणाचा आहे.

मी दाराशी पाहुण्यांना एप्रन बांधायला गेले. वळून बघितलं नाही.