क्रिस्टल म्हणजे स्वच्छ नव्हे

प्रिय दादा,

तुझी बातमी सगळ्या नात्यागोत्यात फिरली. 'डॉक्टरांनी नळी घालून आतून बघितलं आणि म्हणाले, क्रिस्टल!' हे मला मामीकडून कळलं, मावशीकडून कळलं आणि तुझ्या शेजारच्या शिंप्याकडूनही. सगळ्यांनी माझंच अभिनंदन केलं. मी वहिनीला फोन लावला, कारण अभिनंदन करणाऱ्यांत तेवढी ती नव्हती.

चूक तुझी नाही, धंद्याची आहे. जन्मभर चष्म्याची भिंगं घासलीस. काच उजेडाकडे धरून 'एकदम क्रिस्टल' म्हटलंस की गिऱ्हाईक खूश. तेच माप तू रोहिणीला लावलंस. रोहिणी म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी, नक्षत्र नव्हे.

डॉक्टर म्हणाले होते, 'क्रिस्टल्स'. अनेकवचन. शेवटचा स तू गिळलास. वचनाच्या बाबतीत तू पहिल्यापासून कच्चा, दोन्ही अर्थांनी! वहिनीने मला डॉक्टरांशी फोनवर जोडून दिलं, तेव्हा त्यांनी नीट समजावलं. कोलेस्टेरॉल नळीच्या भिंतीत साठतं, मेणासारखं मऊ. फार साठलं की त्याचे खडे, म्हणजे स्फटिक, बनतात, सुईसारखे टोकदार. खडे बनताना ते फुगतं, जागा मागतं. मग ही टोकं वरचा पातळ पापुद्रा आतून फाडतात, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. स्फटिक शब्दातला धातू 'स्फट्', म्हणजे फुटणे. धातू व्याकरणातला, तुझ्या फ्रेमचा नव्हे. शाळेत घोकला होता. तो इतका शब्दशः खरा असेल असं वाटलं नव्हतं.

बाबांची नळीही 'थोडीशीच अरुंद' होती, आठवतं? सगळे निर्धास्त होतो. जेवून हात धुवायला उठले, ते मोरीपर्यंत पोचलेच नाहीत. तुझ्या डॉक्टरांना हे विचारलं, तर म्हणाले, वाट किती अरुंद यापेक्षा कधीकधी पापुद्रा कधी फाटतो हेच महत्त्वाचं.

तू वहिनीला दर वेळी 'क्रिस्टल आहे गं' म्हणून गप्प करतोस. गोळ्या शोकेसमागे टाकतोस, हे तिने पाहिलंय. जिन्यात मध्येच थांबून भिंतीचा रंग निरखतोस, तेही. रंग बरा आहे, पण इतका नाही. डॉक्टरांनी आज हॉस्पिटलात भरती व्हायला सांगितलं होतं, ते तू परस्पर रद्द केलंस. मी फोन करून पुन्हा ठरवलं.

म्हणूनच हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ते तुझ्या हातात देऊन वहिनी अजून समोरच उभी आहे, तुझे कपडे पिशवीत भरून. तिच्यावर ओरडू नकोस. बेत माझा आहे. हातातलं भिंग खाली ठेव. दुकान ती बंद करेल. मी हॉस्पिटलच्या दाराशी थांबले आहे. काय भांडायचं ते इथे येऊन भांड.

तुझीच,
धाकटी पंडितीण